बफीच्या कादंबऱ्या वाचायला घेताय? आधी एपिसोडचा नंबर शोधा

‘बफी द व्हँपायर स्लेयर’ ही 144 भागांची अमेरिकी टीव्ही मालिका, व्हँपायर म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चं मारणाऱ्या ‘स्लेयर’ बफीची. तिचा जेमतेम दीड सीझन बघून झाला होता, तेव्हाच मला कळलं की या मालिकेवर कादंबऱ्याही आहेत. एकदोन नाहीत, कपाटाचा अख्खा खण भरेल इतक्या. मी हपापल्यासारखं मिळेल ते पुस्तक उचललं आणि व्हायचं तेच झालं. तिसरा खंड पहिल्याच्या आधी वाचला, एक कादंबरी दोनदा विकत घेतली आणि कादंबरी समजून मागवलेल्या एका जाड पार्सलातून चित्रकथा निघाली. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून मी ज्या क्रमानं शहाणी झाले त्याच क्रमानं सांगते.

मालिका निदान पहिले दोन सीझन तरी तुम्ही बघितली आहे असं मी धरून चाललेय. बघितली नसेल तर आधी ती बघा, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत.

1. हातातलं पुस्तक कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

मुखपृष्ठावर सगळीकडे बफीचाच चेहरा आणि त्याच वळणाचं नाव असतं, त्यामुळे बाहेरून सगळी पुस्तकं सारखी दिसतात. आत मात्र चार वेगवेगळे प्रकार असतात.

पहिला प्रकार खऱ्या अर्थानं कादंबरीरूप, म्हणजे पडद्यावर घडलेला एपिसोडच कादंबरीत उतरवलेला. दुसरा प्रकार नव्या कथांचा. पात्रं तीच, बफीचं गाव सनीडेल तेच, पण ही गोष्ट पडद्यावर कधी आलेली नाही. तिसरा प्रकार चित्रीकरणाच्या पटकथांचा. ‘स्क्रिप्ट बुक’ असं लिहिलेलं असतं, तरी घाईत नजरेतून सुटतं. उघडलं की नुसते संवाद आणि कॅमेऱ्याच्या सूचना. चौथा प्रकार माहितीपुस्तकांचा. 1998 साली आलेली ‘द वॉचर्स गाइड’ त्यातली. ती क्रिस्टोफर गोल्डन आणि नॅन्सी होल्डर यांनी लिहिली आणि याच दोघांनी मिळून कादंबऱ्याही लिहिल्या. लेखकाचं नाव बघून पुस्तक उचलणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे आतली सुरुवातीची पानं. कादंबरीरूप असेल तर तिथे मूळ पटकथाकारांची नावं बहुधा सापडतात. नव्या कथेत ती नसतात.

2. थोडी तयारी

फार काही लागत नाही, पण हे हाताशी असू द्या:

- सीझन आणि एपिसोडची क्रमवार यादी, प्रसारणाच्या तारखांसकट
- मालिका पुन्हा बघायची सोय, कारण मधेमधे एखादा भाग लावावा लागतोच
- शिसपेन्सिल (पेन नको, ही पुस्तकं पुढे दुसऱ्याच्या हातात जातात)
- विकत घ्यायची असतील तर प्रत्येक पुस्तकाचा आयएसबीएन नंबर, कारण एकच गोष्ट दोनतीन वेगवेगळ्या आवृत्त्यांत फिरत असते

3. गोष्ट कुठल्या एपिसोडनंतर घडते ते पहिल्या पानावर लिहून ठेवा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढी पायरी गाळू नका.

मालिका 10 मार्च 1997 ला सुरू झाली आणि 20 मे 2003 ला संपली. कादंबऱ्या मालिका चालू असतानाच निघत होत्या आणि ती संपल्यावरही काही वर्षं येत राहिल्या. चालू मालिकेवर लिहिणाऱ्याला पुढच्या सीझनमध्ये कोण मरणार, कोण कोणाच्या प्रेमात पडणार याचा पत्ता नसतो. त्यामुळे प्रत्येक नवी कथा मालिकेतल्या एका ठराविक क्षणी गोठलेली असते. तो क्षण माहीत नसेल तर माणसं विचित्र वागतायत असं वाटतं. बफीचा व्हँपायर प्रियकर एंजल इतका प्रेमळ कसा, तिच्या शाळेतले झँडर आणि कॉर्डेलिया अजून एकमेकांच्या जिवावर का उठलेत, असे प्रश्न पडतात आणि आपण लेखकाला दोष देतो. चूक आपलीच असते.

पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून अंदाज येतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. मी पात्रांची हजेरी घेते. पहिली पंचवीसतीस पानं चाळायची आणि कोण कोण आहे ते बघायचं. सगळे शाळेच्या लायब्ररीत जमतायत म्हणजे गोष्ट पहिल्या तीन सीझनमधली, कॉलेज आलं की चौथा सुरू झाला. मिस कॅलेंडर हयात असेल तर दुसऱ्या सीझनच्या पुढे जाऊ नका. ऑझ दिसला की दुसरा ते चौथा सीझन. कॉर्डेलिया गँगमध्ये असेल तर तिसऱ्या सीझनपर्यंत. टारा असेल तर चौथा ते सहावा. आणि घरात डॉन नावाची धाकटी बहीण सहज वावरत असेल तर पाचवा सीझन सुरू झालेला आहे. ती अचानक कुठून आली, असं विचारणारे वाचक मला भेटलेत. त्यांनी पाचवा सीझन बघितलेला नसतो आणि त्यांना उत्तर देणं म्हणजे सीझनची मजा घालवणं.

हजेरी झाली की पहिल्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘सी. 3, साधारण मध्यावर’ असं लिहून ठेवते. दोन वर्षांनी पुस्तक परत काढलं की या एका ओळीचा फार उपयोग होतो.

4. सुरुवात ‘द हार्वेस्ट’पासून करा

रिची टँकर्सली क्यूसिक यांचं हे पुस्तक 1997 चं. मालिकेचे पहिले दोन भाग, जे एकाच रात्री लागोपाठ दाखवले गेले, त्यांचं हे कादंबरीरूप. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत संपतं.

आता आधी एपिसोड की आधी पुस्तक? माझं मत ठाम आहे: आधी एपिसोड. कारण पहिल्याच प्रसंगात दडलंय. रात्रीची रिकामी शाळा, काच फोडून एक मुलगा आत शिरतो, सोबत एक घाबरलेली मुलगी. कसला तरी आवाज आला म्हणून ती बिचकते, इकडेतिकडे बघते. कोणीच नाही ना, याची ती खात्री करून घेते. नाही म्हटल्यावर वळते आणि तिचा चेहरा बदललेला असतो. घाबरलेली मुलगीच व्हँपायर!

पडद्यावर हे एका क्षणात होतं. कागदावर लिहिणाऱ्याची मात्र पंचाईत होते. मुलीच्या मनात शिरून ‘ती घाबरली’ असं लिहिलं तर ते धडधडीत खोटं ठरतं. तिच्या मनात शिरलंच नाही तर चाणाक्ष वाचकाला तिथेच वास येतो. मुलाच्या डोळ्यांतून दाखवावं तर त्याच्या आयुष्याची शेवटची दोनच मिनिटं हातात उरलेली. एपिसोड डोळ्यांपुढे ठेवून हे पान वाचा आणि लेखिकेनं यातून वाट कशी काढली ते तुम्हीच बघा. कादंबरीरूप वाचण्यातली खरी गंमत अशा जागांमध्ये असते. काय होणार हे ठाऊक असतं, म्हणून कसं लिहिलंय याकडे लक्ष जातं.

दुसरी जागा लायब्ररीतली. बफी शाळेची पुस्तकं मागायला जाते आणि लायब्ररियन जाइल्स तिच्यापुढे एक जाडजूड जुना ग्रंथ ठेवतो, ज्याच्या मुखपृष्ठावर जुन्या स्पेलिंगमध्ये ‘व्हँपायर’ लिहिलेलं आहे. पडद्यावर हा क्षण विनोदी आहे, तिचं तोंड बघूनच हसू येतं. पुस्तकात तिचं तोंड दिसत नाही. मग हसू कुठून आणायचं?

वाचताना एखादा संवाद एपिसोडपेक्षा वेगळा वाटला तर दचकू नका. कादंबरीरूप लिहिणाऱ्याच्या हातात बहुधा तयार एपिसोड नसतो, पटकथा असते. चित्रीकरणाच्या वेळी नटानं बदललेला शब्द किंवा संकलनात कापलेला प्रसंग पुस्तकात शाबूत राहतो. मी अशा जागांवर शिसपेन्सिलीनं रेघ मारते.

5. मग एका पात्राचं बोट धरून चाला

पुढचा टप्पा तीन-तीन एपिसोडची मोट बांधलेल्या पुस्तकांचा. झँडरचे, बफीची मैत्रीण विलो हिचे आणि एंजलचे असे वेगवेगळे संच आहेत.

यात मला सगळ्यात आवडलं ते कीथ आर. ए. डीकँडिडो यांचं ‘द झँडर इयर्स’, पहिला खंड, 1999. तीन एपिसोड निवडलेत: एक पहिल्या सीझनमधला, दोन दुसऱ्यातले. पहिल्यात झँडर ज्या शिक्षिकेवर भाळतो ती निघते महाकाय प्रार्थनाकीटक. दुसऱ्यात त्याचा जीव जडतो तो पाचशे वर्षांपूर्वीच्या ममीवर, जिचं चुंबन म्हणजे मरण. तिसऱ्यात तो कॉर्डेलियावर वशीकरण करायला जातो आणि ती सोडून गावातल्या सगळ्या बायका त्याच्या मागे लागतात. टीव्हीवर या तीन भागांमध्ये कित्येक आठवड्यांचं अंतर होतं, त्यामुळे तीन सुटे विनोद म्हणून आपण हसून मोकळे झालो. लागोपाठ वाचल्यावर हसणं जरा कमी होतं. या पोराच्या वाट्याला प्रेम येतं ते कायम त्याला गिळायलाच, हे तेव्हा कुठे ध्यानात येतं. याच संचाचा दुसरा खंड जेफ मॅरियट यांचा आहे. तोही घ्या.

विलोच्या संचाचा पहिला खंड इव्हॉन नवारो यांचा. बरा आहे.

‘द एंजल क्रॉनिकल्स’चे तीन खंड मात्र क्रमानंच वाचा. तिसऱ्यात दुसऱ्या सीझनच्या मध्यावरचे एपिसोड येतात, जिथे मालिकेचा पायाच हलतो. माझ्या हाती नेमका तोच आधी लागला. तेव्हा मी दुसरा सीझन अर्धाच बघितला होता. रात्री दीड वाजता पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसले. तो धक्का पडद्यावर बसायला हवा होता, तो गेला तो गेलाच.

सातव्या सीझनचं ‘चोझन’ हे नॅन्सी होल्डर यांचं पुस्तक, 2003, शेवटासाठी ठेवा. अख्खा सीझन, म्हणजे 22 भाग, एकाच पुस्तकात बसवलेत. साहजिकच ते धावतं. आठवण ताजी करायला ठीक, रेंगाळायला नाही.

6. नव्या कथा निवडताना: मालिकेचा हात पोचत नाही तिथे जा

नव्या कथांची एक जन्मजात अडचण आहे. पुढच्या आठवड्यात टीव्हीवर बफी, विलो, झँडर जसेच्या तसे दिसायला हवेत, म्हणून पुस्तकात त्यांना कायमचं काहीच होऊ शकत नाही. शेवटच्या पानापर्यंत सगळं पूर्ववत करून ठेवावं लागतं. दोनचार पुस्तकं सलग वाचली की हा खेळ कळतो आणि मुख्य पात्राच्या मानेवर दात टेकले तरी आपला ठोका चुकत नाही.

चांगल्या लेखकांनी यातून पळवाटा काढल्या आहेत. माझी निवड त्यांच्यावरच आधारलेली आहे.

एक पळवाट भूतकाळाची. बफीच्या आधीही पिढ्यान्‌पिढ्या स्लेयर होऊन गेल्या, आणि त्यांच्यातली कोणीही कधीही मरू शकते. 2001 पासून आलेले ‘टेल्स ऑफ द स्लेयर’ हे कथासंग्रह यावरच उभे आहेत. गोल्डन यांची ‘प्रिटी मेड्स ऑल इन अ रो’ 1940 सालात घडते. तिथे स्पाइक आणि ड्रुसिला ही व्हँपायर जोडी युद्धात होरपळणाऱ्या युरोपात धुमाकूळ घालतात. आणि डीकँडिडो यांची 2006 ची ‘ब्लॅकआउट’ तर चुकवूच नका. काळ 1977, न्यूयॉर्क, त्या उन्हाळ्यात शहराची वीज खरोखरच गेली होती तो प्रसंग आणि त्या काळची स्लेयर निकी वूड. तिचं पुढे काय झालं हे मालिकेनं पाचव्या सीझनच्या सातव्या भागात भुयारी रेल्वेच्या डब्यात दाखवून टाकलेलं आहे. म्हणून तो भाग आधी बघा. शेवट ठाऊक असताना हे पुस्तक वाचणं फार जड जातं, आणि ते तसंच जायला हवं.

दुसरी पळवाट भविष्याची. गोल्डन यांची ‘द लॉस्ट स्लेयर’ 2001 साली चार छोट्या भागांत आली. कॉलेजात शिकणारी बफी पाच वर्षं पुढे फेकली जाते आणि तिथलं जग बिघडलेलं असतं. किती बिघडलेलं ते सांगत नाही. सगळ्या नव्या कथांमधून एकच निवडायची झाली तर मी हीच देईन. चारही भाग एकत्र बांधलेली आवृत्ती शोधा, सुटे भाग जमवताना एक तरी हुलकावणी देतोच.

तिसरी पळवाट भूगोलाची. मालिकेला खर्चाची मर्यादा होती, म्हणून जगाच्या अंतापर्यंतचं सगळं सनीडेलमध्येच घडतं. कागदाला ती मर्यादा नाही. गोल्डन आणि होल्डर यांच्या 1999 च्या ‘गेटकीपर’ त्रयीत मंडळी भुतांच्या वाटांनी थेट युरोपात पोचतात. पहिला भाग थोडा रेंगाळतो, सोडू नका.

फेथ ही दुसरी स्लेयर आवडत असेल तर तिच्या रोजनिशीच्या रूपातलं ‘गो आस्क मॅलिस’, 2006, बघा. वाचकानंच पुढचा मार्ग निवडायचा अशी खेळवजा पुस्तकंही आहेत. ती मला जमली नाहीत.

आणि विसंगती? त्या असणारच. पहिली नवी कादंबरी ‘हॅलोवीन रेन’ 1997 ची. तिच्यात हॅलोवीनची रात्र म्हणजे सनीडेलमधली भयंकर रात्र. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला मालिकेचा हॅलोवीनचा भाग लागला, आणि त्यात सांगितलं जातं की ही रात्र भुताखेतांच्या सुट्टीची, त्या दिवशी ती बाहेरच पडत नाहीत! यात खरं कुणाचं? मालिकेचं. कादंबऱ्या मालिकेच्या अधिकृत इतिहासात धरल्या जात नाहीत. पुढची अधिकृत गोष्ट 2007 पासून डार्क हॉर्स या प्रकाशकाच्या ‘सीझन एट’ या चित्रकथांमध्ये चालू राहिली. वाद घालू नका, पुस्तकाची गोष्ट पुस्तकापुरती माना.

7. विकत घेताना कुठे पाय घसरतो

*‘ऑम्निबस’ हा शब्द.* 2010 च्या सुमाराला जुन्या कादंबऱ्या तीन-तीनच्या जुड्या करून पुन्हा निघाल्या. दुसऱ्या जुडीत ‘हॅलोवीन रेन’ आहे. ती माझ्याकडे आधीच सुटी होती, मी न बघता जुडी घेतली, आता दोन आहेत. याहून मोठा घोळ म्हणजे चित्रकथांचे जाड संचही ‘बफी ऑम्निबस’ याच नावानं मिळतात. विक्रेत्याच्या वर्णनात प्रकाशकाचं नाव नसेल तर आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. पार्सल परत करायला गेले तर ‘नाव तर बरोबर आहे ना’ असं उत्तर मिळालं, आणि नाव बरोबरच होतं.

*‘एंजल’ हा शब्द.* ‘द एंजल क्रॉनिकल्स’ हे बफी मालिकेतलं. ‘एंजल’ ही 1999 ते 2004 ची वेगळी मालिका, तिच्या कादंबऱ्या वेगळ्या. शोधताना दोन्ही एकत्र येतात.

*मुखपृष्ठावरचा फोटो.* त्यावरून सीझन ठरवू नका. तिसऱ्या पायरीतली हजेरीच खरी.

*वयोगट.* आर्चवे या प्रकाशनाचा शिक्का असलेली सुरुवातीची पुस्तकं किशोरांसाठी, छोटी आणि सोपी. पॉकेट बुक्सची मोठ्यांसाठीची पुस्तकं लांब आणि अधिक काळोखी. पहिलं वाचून ‘पोरकट आहे’ म्हणून सगळ्यावर फुली मारू नका.

जुन्या प्रती घेताना कणा तपासायला सांगा. खिशात मावणाऱ्या या पुस्तकांचा कागद पिवळा पडतो, डिंक सुकतो, आणि नेमकी शेवटची पानं सुटून येतात.

8. इंग्रजीला घाबरू नका, पण शब्दकोशही काढू नका

बफीची मंडळी इंग्रजी मोडून-वाकवून बोलतात. नामाचं क्रियापद करतात, विशेषणाला भलतंच शेपूट लावतात, अर्धं वाक्य हवेत सोडून देतात. या बोलीवर मायकेल ॲडम्स यांनी 2003 साली अख्खा कोशच काढला, ‘स्लेयर स्लँग’ नावाचा, तोही ऑक्सफर्डकडून. तेव्हा एखादा शब्द तुमच्या नेहमीच्या शब्दकोशात सापडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. संवाद मोठ्यानं वाचा. एपिसोड बघितलेले असले की त्या त्या नटाचा आवाज आपोआप कानात येतो आणि अर्थ लागतो. विलोचं अडखळणं आणि जाइल्सचं ब्रिटिश सौजन्य दोन ओळींत वेगळं ओळखू आलं, की गाडी रुळावर आली समजा.

9. बफी संपल्यावर

हीच पद्धत इतर मालिकांना लागू पडते. ‘सुपरनॅचरल’ ही भुताखेतांचीच अमेरिकी मालिका 2005 ते 2020 चालली, तिच्यावरही कादंबऱ्या आहेत. डीकँडिडो यांची ‘नेव्हरमोर’, 2007, घ्या. ‘ब्लॅकआउट’ आवडली असेल तर हीही न्यूयॉर्कचीच आहे. इथे तुम्हाला एपिसोडांची कादंबरीरूपं शोधायची नाहीत, नव्या कथाच वाचायच्या आहेत, त्यामुळे तिसरी पायरी जास्तच महत्त्वाची.

आणि एक. शोधताशोधता कार्व्हर एडलंड या लेखकाचं नाव दिसेल, त्याच्या ‘सुपरनॅचरल’ पुस्तकमालेविषयी लोक भरभरून बोलताना दिसतील. ती मागवायला जाऊ नका. तो मालिकेतल्याच एका पात्राचा टोपणनावाचा अवतार आहे, नाव मालिकेच्या दोन लेखकांच्या आडनावांवरून जुळवलेलं. मी त्याची यादी करून दोन दिवस शोधत होते.